आजोबांच्या ब्लेझरवर ‘एम. पी.’ कसं? व्हॉलीबॉल नॅशनलचा जुना इतिहास कोणी सांगेल का

बंगईवरचा_नातू

नमस्कार मंडळी, थोडं लांबलचक आहे पण वाचा प्लीज. आमचं घर नागपूरच्या महाल भागातलं, जुनं, आता पाडून नवीन बांधायचं ठरलं म्हणून माळ्यावरचं सगळं खाली काढून राहिलो आम्ही. त्यात आजोबांची लोखंडी पेटी निघाली. आजोबा जाऊन सतरा वर्षं झाली, पेटी तेव्हापासून कोणी उघडलीच नव्हती. आत नेव्ही ब्लू लोकरीचा ब्लेझर, डांबरगोळ्यांचा वास अजून तसाच, डाव्या खिशावर पिवळ्या रेशमाने भरलेलं इंग्रजीत ‘एम. पी.’ आणि त्याखाली एक चेंडू. सोबत एक फोटो. नऊ जण उभे आहेत, हाफ पँट, पायात कॅनव्हासचे बूट, मागे जाळी बांधलेली, अन् फोटोच्या पाठीवर पेन्सिलने १९५४ एवढंच लिहिलेलं. आजोबा डावीकडून तिसरे, कानांवरून लगेच ओळखू येतात, आमच्या घरात सगळ्यांचे कान तसेच आहेत.

आता प्रश्न असा की आजोबा जन्मले नागपुरात, नोकरी नागपुरात, गेले पण नागपुरातच. भोपाळ इंदूरकडे आमचं कोणी नाही. मग ‘एम. पी.’ कुठून आलं? बाबा म्हणतात कोण्या मित्राचा ब्लेझर असेल. काका म्हणतात नाही, ते नॅशनल कप खेळले होते, घरात तसं बोलणं होतं. पण आजोबा स्वतः कधीच काही बोलले नाहीत. मला एवढंच आठवते की त्यांच्या उजव्या हाताची करंगळी वाकडी होती आणि मी लहान असताना विचारलं की म्हणायचे ‘बॉलनं खाल्ली’.

मी नेटवर शोधलं तर डोकं अजूनच फिरलं. एकीकडे नॅशनल १९३६ पासून लिहिलेलं, दुसरीकडे १९५१, तिसरीकडे १९५२. शिवाय फेडरेशन कप म्हणून एक वेगळंच आहे. तर हा राष्ट्रीय कप नेमका कोणता, कधी सुरू झाला, आणि १९५४ च्या आसपास नागपूरचा माणूस कोणाकडून खेळत असेल? इथे जुने खेळाडू लोक आहेत, कोणाला माहीत असेल तर सांगा. आजी ८९ वर्षांची आहे, तिला सांगायचं आहे मला.

---

जुना_नकाशा

नातू साहेब, पहिले तर तो ब्लेझर ड्रायक्लीनिंगला देऊ नका घाईघाईत, रेशमाचं भरतकाम जातं त्यात. सावलीत वारा लागू द्या आणि मलमलच्या कापडात गुंडाळून ठेवा.

आता ‘एम. पी.’ चं. मी ३१ वर्षं शाळेत इतिहास शिकवला आणि दर वर्षी नागपूरच्याच पोरांना हे नव्याने सांगावं लागायचं. भोपाळ तेव्हा चित्रात नव्हतंच हो! इंग्रजांच्या काळी आपण मध्यप्रांत व वऱ्हाड, म्हणजे सी. पी. अँड बेरार, आणि राजधानी नागपूर. १९५० मध्ये राज्यघटना आली तेव्हा याच प्रांताचं नाव मध्य प्रदेश झालं, राजधानी नागपूरच राहिली. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचना झाली, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि नवीन मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळ झाली. मग १ मे १९६० ला महाराष्ट्र. म्हणजे १९५४ मध्ये नागपूरचा पोट्टा राज्याकडून खेळला तर त्याच्या छातीवर मध्य प्रदेशच असणार, दुसरं काही असूच शकत नाही. तुमच्या आजोबांच्या वयाचा खेळाडू महालातल्या एकाच घरात राहून, एकाच मैदानावर खेळून, दहा वर्षांत तीन राज्यांचा झाला. सी. पी. बेरारचे दिवस धरले तर चार नावं होतात. बाबांना सांगा, ब्लेझर मित्राचा मानायला काहीच कारण नाही, घरचाच आहे.

क्रिकेटवाल्यांना हे चटकन कळतं कारण रणजीमध्ये आधी सी. पी. अँड बेरारची टीम होती आणि विदर्भ नावाने आपण १९५७-५८ पासून उतरलो. व्हॉलीबॉलचं कोणी लिहून ठेवलं नाही म्हणून घराघरात असे ब्लेझर पेटीत पडून आहेत. याचं मला फार वाईट वाटतं, खरंच सांगतो.

आता वर्षांचा घोळ. तिन्ही वर्षं बरोबर आहेत, फक्त तीन वेगळ्या गोष्टींची आहेत. भारतात हा खेळ आणला वाय. एम. सी. ए. वाल्यांनी. खेळाचा जन्मच अमेरिकेत होल्योकच्या वाय. एम. सी. ए. मध्ये १८९५ चा, विल्यम मॉर्गन नावाच्या व्यायामशिक्षकाने बास्केटबॉल ज्यांना झेपत नाही अशा वयस्कर सभासदांसाठी काढलेला, नाव ठेवलं होतं मिंटोनेट, पुढच्याच वर्षी व्हॉलीबॉल झालं. आपल्याकडे मद्रासला १९२० मध्ये हॅरी बक यांनी वाय. एम. सी. ए. चं शारीरिक शिक्षणाचं कॉलेज काढलं आणि तिथून शिकलेले मास्तर देशभर शाळांमध्ये गेले. गावोगावच्या शाळेत व्हॉलीबॉलची जाळी दिसते ती अशा पीटीच्या मास्तरांमुळे.

तेव्हा व्हॉलीबॉलची स्वतंत्र संघटना नव्हती, कारभार इंडियन ऑलिम्पिक असोसिएशनकडे. त्यांनी १९३६ मध्ये लाहोरला पहिली आंतरराज्य स्पर्धा घेतली. दर दोन वर्षांनी घ्यायची असं ठरलं, ते १९५० पर्यंत चाललं, आणि फक्त पुरुषांची. हे तुमचं १९३६. (त्याच वर्षी आपल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी देशी खेळ दाखवायला गेलं होतं, म्हणजे विदर्भ झोपला नव्हता.) मग १९५१ मध्ये व्हॉलीबॉल फेडरेशन ऑफ इंडिया स्थापन झाली, पहिली बैठक लुधियान्याला. हे तुमचं १९५१. आणि या फेडरेशनने पहिली नॅशनल घेतली १९५२ मध्ये मद्रासला, त्यात पहिल्यांदा बायकांचीही स्पर्धा होती. हे १९५२.

आणि यातली कोणती खरी सुरुवात हे पाहायचं असेल तर बॅनरवरचा आकडा मोजा. २०१८ च्या फेब्रुवारीत कोझिकोडला झाली ती ६६ वी सीनियर नॅशनल. मागे मोजत जा, पहिली येते १९५२ च्याच मोसमात. म्हणजे फेडरेशनने स्वतः १९५२ पासून मोजायला घेतलं आणि लाहोरपासूनची वर्षं हिशोबात धरलीच नाहीत. फाळणी झाली, लाहोर तिकडे गेलं, आणि ती चौदा वर्षं जणू कोणाचीच राहिली नाहीत. त्या काळात खेळलेली माणसंही तशीच विसरली गेली.

फेडरेशन कप म्हणाल तर ती वेगळी स्पर्धा आहे, नॅशनलनंतरची. नॅशनलला झाडून सगळी राज्यं येतात, शिवाय रेल्वे आणि सर्व्हिसेस, म्हणजे सैन्यदलांची टीम. त्यातल्या वरच्या मोजक्या टीम घेऊन फेडरेशन कप होतो. तुमच्या आजोबांच्या काळातला ‘नॅशनल कप’ म्हणजे आंतरराज्य नॅशनलच.

---

रेशीमबाग_शूटर

सर नी एकदम डिटेलमधे सांगितलं, एक गोष्ट राहिली ती मी सांगतो. खिशावरच्या चेंडूवरून नॅशनल धरू नका लगेच कारण आपल्याकडे शूटिंग (बंदुकीचं नाही, शूटिंग व्हॉलीबॉल) पण तितकंच खेळतात, खेड्यापाड्यांत तर शूटिंगच जास्त, आमच्या गावच्या पोळ्याच्या टुर्नामेंटला अजून ट्रॅक्टर भरभरून पोट्टे येतात. शूटिंगचे नियम वेगळे आणि त्याची संघटना पण वेगळी. फोटोत पाहा, जाळी केवढी उंच बांधली आहे? स्मॅशिंगची, म्हणजे नॅशनलवाल्या नेहमीच्या व्हॉलीबॉलची, पुरुषांची जाळी २.४३ मीटर, म्हणजे सहा फुटाचा माणूस हात वर करून उभा राहिला की बोटांची टोकं जाळीच्या वरच्या पट्टीच्या जवळपास येतात. आजोबांच्या डोक्यावर जाळी किती उरली ते बघा, त्यावरून लगेच कळेल.

---

अजनी_कॉलनी_ताई

तुमचा प्रश्न वाचला आणि ‘बॉलनं खाल्ली’ इथे थांबले मी. माझी पण डाव्या हाताची दोन बोटं तशीच आहेत बाप्पा. मी रेल्वेतून रिटायर झाले, स्पोर्ट्स कोट्यातून लागले होते, व्हॉलीबॉलवरच. लिफ्टर होते मी, म्हणजे स्मॅशरला बॉल उचलून देणारी.

करंगळीचं सांगते. आता पोरं सर्व्हिस घेताना दोन्ही हात जोडून मनगटाच्या वर बॉल घेतात, अंडरहँड. तुमच्या आजोबांच्या काळी सर्व्हिससुद्धा वर, बोटांवरच घ्यायचे, अंडरहँड नंतर रुळलं. बॉल चामड्याचा, पावसाळी हवेत ओला झाला की दगड. तो जोरात येऊन बोटाच्या टोकावर बसला की सांधा सरकायचा, मैदानातच कोणीतरी ओढून बसवायचं, चुना हळद बांधायचे आणि पुन्हा उभे. डॉक्टरकडे कोण जातं त्यासाठी. वाकडी करंगळी म्हणजे त्या काळच्या खेळाडूचं ओळखपत्रच समजा.

आणि मॅच किती चालायची माहीत आहे का? आत्ता २५ पॉइंटचा सेट, कोणाचीही चूक झाली की दुसऱ्याला पॉइंट. आमच्या वेळी १५ चा सेट होता पण सर्व्हिस आपल्याकडे असेल तरच पॉइंट, नाहीतर नुसती सर्व्हिस बदलायची. ९-९ वर अर्धा अर्धा तास स्कोअर हलायचा नाही. अजनीला दोन खांबांवर चार बल्ब लावून आम्ही खेळायचो, फक्कीच्या लाईनी पुसून जायच्या आणि पंच थांबवून पुन्हा फक्की मारायला लावायचे. हा नियम १९९८ च्या सुमारास बदलला, लिबेरो, म्हणजे फक्त बचाव करणारा खेळाडू, पण तेव्हाच आला. बदललं ते बरं झालं असं सगळे म्हणतात, टीव्हीसाठी सोपं. पण सर्व्हिस मिळवण्यासाठी जी मेहनत होती, एकही पॉइंट मिळत नसताना बॉलमागे झोकून द्यायचं, ते ज्यांनी केलं त्यांना ते आठवतं.

सरांनी राज्यांचं सांगितलं, मी रेल्वेचं सांगते कारण नागपूरमध्ये त्याशिवाय गोष्ट पूर्ण होत नाही. नॅशनलला रेल्वे वेगळी टीम म्हणून उतरते. म्हणजे तुम्ही नागपूरच्या असा की कोचीच्या, रेल्वेत लागला की राज्य सुटलं, तुम्ही रेल्वेच्या. आणि बायकांमध्ये तर वर्षानुवर्षं फायनल म्हणजे रेल्वे आणि केरळ. गंमत अशी की रेल्वेकडून खेळणाऱ्या कितीतरी पोरी केरळच्याच असायच्या, समोर त्यांच्याच गावच्या मैत्रिणी. नेटच्या दोन्ही बाजूंनी मल्याळममध्येच बोलणं चालायचं आणि मध्ये मी नागपूरची! कोझिकोडच्या त्या ६६ व्या नॅशनललाही तेच झालं, बायकांत रेल्वेने केरळला पाच सेटमध्ये हरवलं आणि पुरुषांत केरळने रेल्वेला. मी घरी बसून पाहात होते आणि माझे तळवे ओले झाले होते.

लोक म्हणतात सरकारी नोकरीने खेळ मारला. मला ते पटत नाही, अजिबात नाही. माझे वडील गँगमन होते. नोकरी नसती तर मी दहावीनंतर बूट घातले नसते. प्रॅक्टिससाठी दुपारी दोन तास सुटी मिळायची, बूट मिळायचे, प्रवासाचा पास मिळायचा, आणि घरी सांगायला उत्तर असायचं की मुलगी खेळून पगार आणते. हा खेळ साठ सत्तर वर्षं जिवंत ठेवला तो पोलीस, रेल्वे, आर्मी, पोस्ट, बँका यांच्या पगारपत्रकांनी. तुमच्या आजोबांची नोकरी कुठे होती ते लिहिलं नाही तुम्ही. रेल्वेत असतील तर त्यांचं तिथलं रेकॉर्ड पण निघू शकतं.

एक सांगते, माझ्या आयुष्यातली सल आहे. एका स्पर्धेची फायनल आम्ही जिंकलो आणि सर्टिफिकेट द्यायचं आयोजक विसरले, पोस्टाने पाठवू म्हणाले, अजून यायचं आहे. म्हणून म्हणते, तो ब्लेझर आणि तो फोटो, हेच सर्टिफिकेट आहे. जपा.

---

बंगईवरचा_नातू

सगळ्यांना मनापासून धन्यवाद, मी तर वाचता वाचता दोनदा उठून ब्लेझर पाहून आलो. ताई, आजोबा रेल्वेत नव्हते, सचिवालयात कारकून होते, म्हणजे आता कळलं की ते मध्य प्रदेशाचं सचिवालय होतं! घरात नुसतं सेक्रेटरिएट म्हणायचे. १९५६ नंतर त्यांच्यासोबतचे बरेच जण भोपाळला गेले असं आजी म्हणते, आजोबांनी आई म्हातारी आहे म्हणून नागपूर सोडलं नाही.

शूटर भाऊ, फोटो मोठा करून पाहिला, आजोबांच्या डोक्यापासून जाळीची वरची पट्टी चांगली दोन अडीच फूट वर आहे, म्हणजे स्मॅशिंगचीच ना?

आणि जुना_नकाशा सर, तुम्ही म्हणाले तसं सावलीत ठेवायला ब्लेझर उलटा केला तर कॉलरच्या आत शिंप्याचं लेबल निघालं. सीताबर्डीचं दुकान आहे, त्यावर पत्ता ‘नागपूर, सी. पी.’ असा विणलेला. बाहेर एम. पी., आत सी. पी.! बहुतेक शिंप्याने जुनी लेबलं संपवली असतील.

---

रेशीमबाग_शूटर

स्मॅशिंगचीच भाऊ. १००%.

---

काटोलरोड_ते_ब्रेशा

मी इथे फारसं लिहीत नाही पण यावर राहवलं नाही. मी चार वर्षं इटलीत ब्रेशाजवळ नोकरीला होतो, आता परत आलो. तिथे व्हॉलीबॉलचा नॅशनल कप म्हणजे कोप्पा इतालिया. तो कसा चालतो ते सांगतो म्हणजे आपला आणि त्यांचा फरक कळेल. तिकडे राज्याच्या टीमा हा प्रकारच नाही, सगळं क्लबांचं. हिवाळ्यात लीग अर्ध्यावर आली की टेबलातल्या वरच्या आठ टीम कपला जातात, हरला की घरी, आणि शेवटी एका शनिवार रविवारी एकाच हॉलमध्ये सेमीफायनल आणि फायनल. १९७८-७९ पासून चालू आहे हा कप. सर्वात जास्त वेळा मोडेनाने जिंकला आहे, १२ वेळा. मोडेनाचा क्लब काढला ज्युसेप्पे पानिनी यांनी १९६६ मध्ये, तेच पानिनी ज्यांचे फुटबॉलचे स्टिकर जगभर पोरं चिकटवतात. त्यांच्याच नावाने तिथला हॉल आहे. तिथेच हुलिओ वेलास्को नावाच्या अर्जेंटिनाच्या कोचने लागोपाठ चार लीग जिंकल्या, मग इटलीला दोन वर्ल्ड चॅम्पियनशिप मिळवून दिल्या, आणि २०२४ मध्ये पॅरिसला इटलीच्या बायकांना ऑलिम्पिक गोल्ड, वयाच्या ७२ व्या वर्षी.

पण मला सांगायचं आहे ते वेगळंच आहे. माझ्या ऑफिसपासून जवळ मोंतिकियारी नावाचं गाव आहे, तिथे एक मोठा इनडोअर हॉल आहे, नाव पालाजॉर्ज. मी पहिल्या वर्षी समजत होतो की कोणी संत जॉर्ज असतील, तिकडे तशी नावं असतात. एकदा मॅचला गेलो तर शेजारी एक पासष्टीचे आजोबा बसले होते, मी इंडियन आहे कळल्यावर त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, ‘जिमी!’ मला काही समजेना. मग त्यांनी भिंतीकडे बोट दाखवून नाव वाचून दाखवलं. तो हॉल आपल्या जिमी जॉर्ज यांच्या नावाने आहे.

जिमी जॉर्ज, केरळच्या पेरावूरचे, जन्म १९५५. आठही भाऊ व्हॉलीबॉल खेळणारे, घरचीच टीम होती म्हणा ना. २१ व्या वर्षी अर्जुन पुरस्कार, केरळ पोलिसात नोकरी, म्हणजे ताई म्हणतात तसंच, पगारपत्रकावरचा खेळाडू. पण हे इटलीत जाऊन प्रोफेशनल खेळले, असे पहिले भारतीय. १९८६ च्या सोल एशियन गेम्समध्ये आपल्याला ब्राँझ मिळालं त्या टीममध्ये होते, जपानला मागे टाकून मिळवलेलं ब्राँझ. त्याआधी १९५८ ला ब्राँझ आणि १९६२ ला जकार्ताला सिल्व्हर होतं, सोलनंतर आजपर्यंत नाही. आणि पुढच्याच वर्षी, ३० नोव्हेंबर १९८७ ला, इटलीतच कार अपघातात गेले. ३२ वर्षांचे होते. लांब उडीवाल्या अंजू बॉबी जॉर्ज या त्यांच्याच धाकट्या भावाच्या पत्नी.

त्या म्हाताऱ्याने मला खुणेने दाखवलं की जिमी किती वर जायचा, हात सरळ वर आणि मग मनगट खाली. तीस वर्षं होऊन गेली तरी त्याचे डोळे भरले. आणि मी नागपूरचा, शाळेत पाच वर्षं व्हॉलीबॉल खेळलेला, मला त्या माणसाचं नाव त्या दिवशी कळलं. आपल्या पोरांना माहीत नाही हे मला सहन होत नाही. म्हणून त्या फोटोतले बाकीचे आठ जण कोण आहेत ते पण शोधा, प्लीज. त्यांच्या घरीही कोणाच्या तरी पेटीत असा ब्लेझर असेल.

---

बारावी_सायन्स_धरमपेठ

मला एक विचारायचं आहे, मी कॉलेज टीममध्ये आहे. मग आता जी प्राइम व्हॉलीबॉल लीग येते टीव्हीवर ती नॅशनल आहे का? आमच्या सरांना विचारलं तर म्हणाले ते वेगळं. आणि महाराष्ट्राकडून खेळायचं तर कसं जायचं?

---

जुना_नकाशा

वेगळं आहे बेटा. ती फ्रँचायझीची लीग, शहरांच्या नावाच्या टीम, खेळाडू लिलावातून घेतलेले. २०१९ मध्ये प्रो व्हॉलीबॉल लीग नावाने एक मोसम झाला, चेन्नई स्पार्टन्सने कालिकत हीरोजला हरवलं. मग वाद होऊन ती बंद पडली आणि २०२२ पासून प्राइम व्हॉलीबॉल लीग सुरू झाली, पहिली कोलकाता थंडरबोल्ट्सने जिंकली, पुढची अहमदाबाद डिफेंडर्सने, मग कालिकत हीरोज, आणि २०२५ ची बंगळुरू टॉर्पेडोजने, फायनलला आपले मुंबई मीटियर्स होते. तिथे सेट १५ चाच असतो, ताईंना आवडेल, पण सर्व्हिसचा जुना नियम नाही.

महाराष्ट्राकडून खेळायचा रस्ता जुनाच आहे, आधी जिल्हा, मग राज्य स्पर्धा, तिथून निवड, मग कॅम्प. कॉलेजवाल्यांना विद्यापीठाच्या टीममधूनही वर जाता येतं. लीगवाले खेळाडू उचलतात ते शेवटी नॅशनल आणि विद्यापीठाच्या मॅचेस पाहूनच. त्यामुळे नॅशनलचं महत्त्व कमी झालं असं कोणी म्हटलं तर ऐकू नकोस. गेली काही वर्षं फेडरेशनच्या भांडणांत आणि कोर्टकचेऱ्यांत खेळाडूंचे मोसम वाया गेले ही मात्र खरी गोष्ट आहे आणि त्याचा मला राग आहे, कारण खेळाडूचं वय कोर्टाच्या तारखेसाठी थांबत नाही. एवढं असूनही २०२३ ला हांगझोऊ एशियन गेम्समध्ये आपल्या पोरांनी दक्षिण कोरियाला पाच सेटमध्ये हरवलं, शेवटचा सेट १७-१५. ती मॅच नेटवर मिळाली तर पाह्य, पाचवा सेट तर उभ्यानेच पाह्य.

---

अजनी_कॉलनी_ताई

बारावी, तू लिफ्टर आहेस की स्मॅशर? लिफ्टर असशील तर रविवारी सकाळी ६ ला ये, अजनीला आमच्या जुन्या खेळाडू बायका येतात, शिकवते तुला. आईला सांगून ये.

---

बंगईवरचा_नातू

उशिरा लिहितो आहे, चार दिवस घर रिकामं करण्यात गेले.

रात्री आजीला सगळं वाचून दाखवलं, सरांचं, ताईंचं, इटलीवाल्या दादांचं. लाहोर, मद्रास वगैरे ती शांतपणे ऐकत होती. मग मी ब्लेझर तिच्या मांडीवर ठेवला. तिने खिशावरच्या भरतकामावर बोट फिरवलं आणि म्हणाली, हा ‘पी’ मीच भरला आहे, पहिला उसवला होता, त्यांना शिंप्याकडे जायला वेळ नव्हता. नीट पाहिलं तर खरंच, ‘पी’ चं रेशीम थोडं फिकट आहे, टाके पण वेगळे. सत्तर वर्षांपूर्वीचे टाके. बाबा काही बोलले नाहीत, चष्मा काढून पुसत बसले.

मग फोटो दिला. तिला नऊपैकी पाच नावं आठवली. त्यातले दोघे भोपाळला गेलेले. नावं इथे टाकत नाही, घरच्यांना विचारल्याशिवाय बरं नाही. पण एक जण धंतोलीत राहायचे, त्यांचा मुलगा अजून तिथेच आहे असं आजी म्हणते. काका आणि मी उद्या संध्याकाळी जाऊन राहिलो त्यांच्याकडे, फोटोची एक कॉपी काढून घेतली आहे.

ताई, सचिवालयाची टीम होती का, आणि प्रॅक्टिस कुठे करायचे, हे पण आजीला विचारलं. म्हणाली, कस्तुरचंद पार्कवर, ऑफिस सुटलं की, अंधार पडेपर्यंत. ती पोळ्या झाकून ठेवायची.